माध्यम अभ्यास म्हणजे वर्गात बसून सिनेमे पाहणे नव्हे

शाळेत ‘माध्यम अभ्यास’ हा विषय निवडला की ‘सोपा विषय, नुसते सिनेमे बघायचे’ असे हमखास ऐकावे लागते. हा समज वर्षानुवर्षे चालत आला आहे, आणि तो साफ चुकीचा आहे.

इंग्लंडमध्ये जीसीएसई (साधारण सोळाव्या वर्षीची परीक्षा) आणि ए-लेव्हल (साधारण अठराव्या वर्षीची) या दोन्ही टप्प्यांवर या विषयाचे ७० टक्के गुण लेखी परीक्षेला आहेत. उरलेले ३० टक्के स्वतः केलेल्या निर्मितीला, तीही ठरवून दिलेल्या विषयावर. माध्यमांची भाषा, समाजाचे चित्रण, माध्यम उद्योग आणि प्रेक्षक हे चार स्तंभ. फ्रेंच विचारवंत रोलां बार्थ, ब्रिटिश माध्यम अभ्यासक स्टुअर्ट हॉल यांचे सिद्धांत ए-लेव्हलच्या मुलांना अभ्यासावेच लागतात.

आणि हे सिद्धांत पाठांतराने जमत नाहीत. हॉल यांनी १९७३ मध्ये मांडले की एकच संदेश कुणी जसाच्या तसा स्वीकारतो, कुणी अर्धामुर्धा, तर कुणी थेट नाकारतो. आता एका मोर्चाचे दोन फोटो घ्या: एक पोलिसांच्या मागून टिपलेला, दुसरा गर्दीतून. प्रसंग तोच, पण पहिल्यात जमाव अंगावर येतो, दुसऱ्यात पोलीस. कॅमेरा तिथेच का ठेवला, मथळा कुणी दिला, त्या वृत्तपत्राचा मालक कोण, हे सगळे पुराव्यानिशी लिहायचे असते. सोळा ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी हे काम मुळीच हलके नाही!

हा फक्त भावी पत्रकारांचा विषय, हाही गैरसमजच. युनेस्कोच्या १९८२ च्या ग्रुनवाल्ड जाहीरनाम्याने माध्यम शिक्षण पूर्वप्राथमिकपासून सर्वांसाठी मागितले होते.