शॉकअप बदलले, आता अलाइनमेंट करायची का?

चतुर्थी जवळ येईपर्यंत आपल्या गोव्याच्या रस्त्यांनी जे करायचे ते करून ठेवलेले असते. खड्डा लाल पाण्याने भरलेला असला की त्याची खोली कळत नाही, आणि चाक आत गेल्यावर येणारा धप्पकन आवाज थेट दाढेत बसतो. मग गाडी गॅरेजात जाते. मेस्त ती जॅकवर घेतो, चाक दोन्ही हातांनी हलवून बघतो आणि निकाल देतो, “शॉकअप गेले.” संध्याकाळी “जालें, व्हर आतां” (झाले, ने आता) म्हणत चावी हातात ठेवतो. नेमका तेव्हा प्रश्न आठवतो: अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन मशीनवर जुळवून घेणे, करायची की नको?

“कुठला शॉकअप बदलला?” हे न विचारता जो उत्तर देतो, त्याचे उत्तर निम्म्या वेळा चुकणार. आपण पुढच्या आणि मागच्या, दोन्ही वस्तूंना शॉकअपच म्हणतो, पण स्विफ्ट, वॅगनआर, आय-टेनसारख्या गाड्यांत त्या दोघांत नावापुरतेच साम्य आहे.

मागचा शॉकअप खरोखरच नुसता शॉकअप असतो. खाली एक बोल्ट, वर एक. चाक कुठे बघणार हे मागचा आडवा बीम ठरवतो. शॉकअपचे काम फक्त स्प्रिंगची उसळी दाबायचे. तो काढून गाडी उभी ठेवली तरी चाकाचा कोन तसूभर हलत नाही. म्हणून फक्त मागचे शॉकअप बदलले असतील तर अलाइनमेंटचे पैसे खिशातच ठेवा.

पुढे जो असतो तो स्ट्रट. वरून दिसायला तसाच नळा, त्यावर स्प्रिंग. पण हा नळा चाकाचा खांब आहे. त्याचे वरचे टोक बॉनेटखाली बॉडीला बसते, खालचे टोक दोन जाड बोल्टांनी नकलला, म्हणजे चाकाचा हब ज्यात बसतो त्या ओतीव तुकड्याला धरते. स्टिअरिंग फिरवले की हा खांबच चाकाबरोबर फिरतो. त्या दोन बोल्टांच्या भोकांत किंचित मोकळीक असते. नवा स्ट्रट कसताना चाक वरच्या बाजूला जरा आत किंवा बाहेर कलंडले, तर तसेच आवळले जाते. हा कल म्हणजे कॅम्बर. स्टिअरिंगकडून येऊन चाक वळवणारा टाय रॉडही नकललाच जोडलेला असल्याने कॅम्बर हलला की टो, म्हणजे वरून पाहताना चाकांची तोंडे आत वळलीत की बाहेर, तोही हलतो. जुन्या बोल्टांभोवती खूण करून नवा स्ट्रट त्या खुणेवर बसवणारे जाणते मेस्त आहेत. त्याने फरक कमी होतो, जात नाही. पुढचा स्ट्रट बदलला की अलाइनमेंट करायचीच.

मी एकदा ती टाळली होती. गॅरेजवाला म्हणाला, गाडी सरळ चाललीय, कशाला उगाच? गाडी खरेच सरळ चालत होती. तीन महिन्यांनी पंक्चर काढायला चाक उतरवले तेव्हा टायरची आतली कड गुळगुळीत झालेली, बाहेरची नव्यासारखी. आतली कड उभ्या गाडीत दिसत नाही. स्टिअरिंग पूर्ण वळवून खाली वाकल्याशिवाय तिकडे नजर जात नाही. टायरवर तळवा आडवा फिरवला तर एका दिशेने मऊ लागायचे, उलट दिशेने करवतीचे दाते. टो बिघडल्याची याहून स्वस्त तपासणी नाही.

आता दुसरी जोडी, लिंक रॉड आणि टाय रॉड. दोन्ही रॉड, दोघांनाही टोकाला बॉल जॉइंट, म्हणजे गोळ्यावर फिरणारा सांधा, आणि खड्ड्यात दोघेही खडखडतात. बिलावर नुसते ‘रॉड’ लिहिले की गोंधळ पक्का. लिंक रॉड चाकाच्या बाजूला अँटी-रोल बारशी जोडतो; वळणावर गाडी कलते ती हा बार आवरतो, चाकाच्या दिशेशी लिंक रॉडचे देणेघेणे नाही. तो बदलून अलाइनमेंट लागत नाही. टाय रॉड मात्र चाकाला दिशा देतो, आणि त्याच्या टोकाच्या आट्यांवरच टो जुळवतात. “मी आटे मोजून बसवलाय,” असे मेस्त सांगतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो, पण नव्या टोकाची लांबी जुन्याशी हुबेहूब जुळेलच असे नाही.

हिशेब करून बघा. एका बाजूला आट्यांचा एक फेरा कमीजास्त झाला की ते चाक ढोबळमानाने अर्धा अंश तिरपे होते. चालताना गाडी मधला मार्ग काढते, स्टिअरिंग किंचित वाकडे राहते आणि दोष दोन्ही चाकांत पाव-पाव अंश वाटला जातो. पाव अंश म्हणजे किलोमीटरमागे सव्वाचार मीटरहून थोडे जास्त आडवे घसरणे. फोंडा-पणजी जाऊन-येऊन साधारण ६० किलोमीटर धरले, तर प्रत्येक टायरच्या रबराला अडीचशे मीटरहून जास्त आडवी ओढ सोसावी लागते. तीही रोज.

लोअर आर्म, म्हणजे चाकाला खालून धरणारा हात, किंवा त्याचा बुश, म्हणजे सांध्यातला रबर, बदलला तरी अलाइनमेंट हवी. इथे आणखी एक बारकी गोष्ट आहे: बुशचा बोल्ट शेवटचा आवळायचा तो चाके जमिनीवर, गाडीचे वजन त्यांच्यावर असताना. लटकत्या चाकावर आवळलेला बुश गाडी खाली आली की कायमचा पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. पुढची स्प्रिंग बदलली तर उंची बदलते, उंचीबरोबर कोन बदलतात, तेव्हाही हवी.

बॅलन्सिंग हे वेगळेच प्रकरण. चाकाच्या घेरात वजन सारखे नसेल तर ऐंशी-नव्वदच्या पुढे स्टिअरिंग थरथरते. त्यासाठी रिमला शिशाचे किंवा तत्सम छोटे तुकडे लावतात. सस्पेन्शनच्या कामाशी त्याचा संबंध नाही. ते कामाच्या बिलात दिसले तर विचारायला लाजू नका.

अलाइनमेंटला जाण्याआधी झिजलेला जॉइंट बदललेला असला पाहिजे. ढिल्या बॉल जॉइंटवर केलेली अलाइनमेंट पुढच्या खड्ड्यापर्यंतच टिकते. हवा चारही चाकांत कंपनीने सांगितली तेवढी भरा आणि आधीचे-नंतरचे आकडे असलेला कागद मागून घ्या. बहुतेक लहान गाड्यांत मशीनवर फक्त पुढचा टोच जुळवता येतो. कागदावर कॅम्बरचा आकडा लाल, म्हणजे मर्यादेबाहेर, दिसला आणि “तो ॲडजस्ट होत नाही” असे उत्तर मिळाले, तर स्ट्रटचे तेच दोन बोल्ट सैल करून चाक ढकलून बघायला सांगा. बऱ्याचदा त्या मोकळिकीतच काम होते. कॅम्बर हलवला तर टो पुन्हा जुळवावा लागतो, हा क्रम मात्र उलटा चालत नाही.

परतताना गाडी थोडी डावीकडे जाते असे वाटले तर लगेच भांडायला फिरू नका. पाणी वाहून जावे म्हणून रस्ता कडेला उतरता असतो, आणि आपण चालतो ती बाजू डावीकडेच उतरते. चौपदरी रस्त्याचा सपाट, मोकळा भाग मिळाला की मागची वाहने बघून लेन बदला आणि पुन्हा अंदाज घ्या. तिथेही गाडी तेवढीच डावीकडे ओढू लागली तर दोन्ही पुढची चाके आपसात बदलून बघा. ओढ बाजू बदलून उजवीकडे गेली तर दोष टायरचा. डावीकडेच राहिली, तर तो कागद घेऊन परत जा.