फाळक्यांची शेवटची वर्षं: पार्श्वभूमी

दादासाहेब फाळके १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला वारले. बोलपट आला आणि त्याने फाळक्यांना संपवलं, असं सर्रास लिहिलं जातं. मला ते अर्धंच पटतं. ओढाताण त्याच्या दहा-बारा वर्षं आधीच सुरू झाली होती, आणि तिचं मूळ भागीदारीत होतं.

१९१७ च्या त्यांच्या ‘लंकादहन’ या मूकपटाने इतका धंदा केला, की मद्रासेत तिकिटांची नाणी बैलगाडीत घालून न्यावी लागली, असं सांगतात. एवढा गल्ला पाहिल्यावर भांडवलवाले मागे कसे राहतील? १९१८ मध्ये पाच भागीदारांना घेऊन नाशिकला हिंदुस्थान फिल्म कंपनी उभी राहिली. फाळक्यांना सवय होती सगळं एकहाती करायची. गोष्ट बेतायची, कॅमेरा चालवायचा, ट्रिक सीन जमवायचे, रात्री फिल्म धुवायची. (‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता दोन्ही नट अण्णा साळुंकेच, हाही त्यातलाच जुगाड!) अशा माणसाला दिवसांचा आणि पैशांचा हिशेब मागणारे भागीदार मानवेनात. फाळके कंपनी सोडून सहकुटुंब काशीला गेले. तिथे ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिलं. पुढे कंपनीत परतले खरे, पण घडी पूर्वीसारखी बसली नाही.

मार्च १९३१ मध्ये ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट लागला, तेव्हा फाळक्यांचा ‘सेतुबंधन’ मूकपट म्हणूनच घडत होता. नंतर त्यावर आवाज चढवावा लागला. मुळातूनच बोलपट म्हणून त्यांनी केलेला चित्रपट एकच, कोल्हापूर सिनेटोनचा ‘गंगावतरण’. १९३७ साल, वय सदुसष्ट. तोच शेवटचा.

१९३९ मध्ये मुंबईत भारतीय चित्रपटाचा रौप्यमहोत्सव झाला. ज्याने हा धंदा सुरू केला, त्याच्यासाठी वर्गणी काढायची वेळ आली होती. व्ही. शांताराम यांनी पुढाकार घेतला आणि त्या पैशातून नाशिकला घर झालं.

फाळके तरी स्वस्थ बसले नव्हते. महायुद्धामुळे कच्च्या फिल्मवर सरकारी नियंत्रण आलं होतं, चित्रपट काढायचा तर परवाना हवा. त्र्याहत्तराव्या वर्षी त्यांनी परवान्यासाठी अर्ज केला. तो नामंजूर झाल्याचं पत्र १४ फेब्रुवारीला त्यांच्या हाती पडलं, असं म्हणतात.