जॉर्ज विटेट यांची दोन मापं

गेटवे ऑफ इंडियाच्या दर्शनी भागावर २०२३ साली भेगा आढळल्या. डागडुजीवर बरंच बोललं गेलं, पण ती कमान आखणाऱ्या जॉर्ज विटेट यांची ओळख अजूनही ‘भारतीय शैलीच्या प्रेमात पडलेला स्कॉटिश माणूस’ एवढीच राहिली आहे. ही ओळख अर्धीच खरी.

विटेट १९०४ साली मुंबईत आले ते प्रांतिक सरकारच्या सल्लागार वास्तुविशारदाचे सहायक म्हणून. वरिष्ठ केंद्राच्या सेवेत गेले आणि ते पद त्यांच्याकडे आलं. म्हणजे शैलीची निवड ही एकट्याची हौस नव्हती. राजपुत्राच्या नावाच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयाला विजापूरच्या गोलघुमटाची आठवण देणारा घुमट मिळाला, पंचम जॉर्ज आणि मेरी या राजा-राणीच्या आगमनाच्या स्मारकाला, म्हणजे गेटवेला, सोळाव्या शतकातल्या गुजरातच्या सुलतानी वास्तूंचा बाज. राज्यकर्ते आपण इथल्या सत्तांचे वारस आहोत, असं दगडातून सांगू पाहत होते. त्याच सुमारास बंदराजवळ भराव टाकून बॅलार्ड इस्टेट उभी राहत होती. तिथली आखणीही विटेट यांचीच, पण तिथे घुमट नाहीत, जाळ्या नाहीत; सरळ युरोपीय धाटणीच्या, एका उंचीच्या, शिस्तीत उभ्या कचेऱ्या. मिरवायला भारतीय आणि धंद्याला युरोपीय, असा हा हिशेब होता. विटेट यांचं कसब दोन्हीकडे अव्वल होतं, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो त्याला ‘प्रेम’ म्हणण्याबद्दल.

गेटवेचा अंतिम आराखडा १९१४ चा आणि उद्घाटन १९२४ चं. त्यामुळे १९११ साली राजा-राणी उतरले तेव्हा ही दगडी कमान नव्हतीच. तिच्याकडे थेट नेणारा रुंद रस्ताही योजला होता. पैसे संपल्याने तो कागदावरच राहिला. कमान आजही समोरच्या रस्त्याला तिरकी दिसते ती त्यामुळेच. संग्रहालयाची इमारत तर पहिल्या महायुद्धात लष्करी रुग्णालय झाली आणि लोकांसाठी १९२२ साली उघडली. पुढे तिला शिवरायांचं नाव मिळालं. गेटवेचं नाव तेच राहिलं.

१९१९ साली विटेट सरकारी नोकरी सोडून टाटा या मोठ्या पारशी उद्योगसमूहाकडे गेले. १९२६ साली मुंबईतच वारले. दफन शिवडीला झालं. त्या समूहासाठी त्यांनी आखलेलं मुख्यालय, बॉम्बे हाऊस, गेटवेच्याच वर्षी पूर्ण झालं. मालक भारतीय होता, इमारत मात्र युरोपीय वळणाची.