एस्पोझितो: भिंतीतल्या चाकातून आलेलं आडनाव

इटलीतल्या नेपल्समध्ये सर्वात जास्त आढळणारं आडनाव म्हणजे एस्पोझितो. उच्चारताना जोर 'पो'वर. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'बाहेर ठेवलेला', सरळ सांगायचं तर टाकलेलं पोर. बाप माहीत नसलेल्या बाळाच्या नावापुढे नोंदवहीत हाच शब्द पडे आणि मग नातवंडा-पतवंडांपर्यंत चिकटून राही.

नेपल्सच्या अनुन्त्सियाता या धर्मादाय संस्थेच्या भिंतीतलं 'रुओता', म्हणजे चाक, आजही बघायला मिळतं. चाक कसलं, उभ्या आसावर फिरणारं पोकळ लाकडी पिंपच ते. रस्त्यावरून झरोक्यातून बाळ आत ठेवायचं, पिंप फिरवायचं आणि निघून जायचं. आतल्या बाईच्या हाती बाळ येई, ठेवणारीचं तोंड काही दिसत नसे. सगळीच मुलं लग्नाबाहेरची नव्हती. खायला महाग झालेली जोडपीही पोर सोडून जात. फ्लोरेन्सच्या अनाथालयात तर बाळाच्या कपड्यांत अर्धं कापलेलं नाणं सापडे; उरलेलं अर्धं आईकडे, दिवस पालटले तर ओळख पटवायला.

फ्लोरेन्सचं हे अनाथालय 1445 साली उघडलं. तिथल्या मुलांना 'इनोचेंती', म्हणजे निष्पाप, हे आडनाव मिळालं. नाव द्यायचंच तर असं तरी द्यावं! रोमने 'प्रोयेत्ती', फेकलेले, म्हटलं. मिलानच्या मोठ्या इस्पितळाच्या चिन्हात कबूतर होतं, म्हणून तिथली मुलं 'कोलोंबो' झाली. समुद्रापार गेलेला कोलंबसही कोलोंबोच, पण जिनोव्हाचा. त्याचा या कबुतराशी काही संबंध नाही.

नेपोलियनच्या बहिणीचा नवरा म्युरा 1808 ते 1815 नेपल्सचा राजा होता. जन्मभर डाग मिरवायला लावणारं हे आडनाव नव्या मुलांना द्यायचं नाही, असा हुकूम त्याने काढला. मग कारकून मनाला येतील ती आडनावं रचू लागले. पण आधीच्या एस्पोझितोंना लेकरं-बाळं झाली होती, ती कोण पुसणार? चाक 1875 मध्ये बंद झालं, तोवर हे आडनाव गल्लोगल्ली पसरलं होतं.

1889 साली राणी मार्गेरितासाठी पिझ्झा केला म्हणतात तो राफाएलेही एस्पोझितोच. त्या गोष्टीच्या पुराव्याबद्दल इतिहासकार कुरकुरतात. आडनावाबद्दल कुणाची तक्रार नाही.