‘द सोप्रानोज’चा शेवट आणि तो जाकीटवाला

नाशिकला कॉलेज रोडवर चहाच्या टपरीवर ‘द सोप्रानोज’ या अमेरिकी माफिया मालिकेचा विषय निघाला, की कुणीतरी छातीठोकपणे सांगतंच: शेवटच्या प्रसंगात, मालिकेचा नायक माफिया म्होरक्या टोनी बसलेला असतो त्या हॉटेलात आलेला जाकीटवाला म्हणजे टोनीच्या टोळीने मारलेला शत्रू फिल लिओटार्डो याचा पुतण्या, आधीच्या भागांतही दिसलेला. म्हणजे त्याने सूड उगवला, टोनी मेला, विषय संपला!

१० जून २००७ ला शेवटचा भाग दाखवल्यापासून फिरणारी ही अफवा साफ खोटी आहे. हे पात्र आधी कुठल्याच भागात नाही. श्रेयनामावलीतही त्याची ओळख फक्त जाकिटावरून दिली आहे, आणि काम करणारा गृहस्थ पिझ्झाचं दुकान चालवणारा होता.

खरा पुरावा मांडणीत आहे. दाराची घंटा वाजते, टोनी मान वर करतो, मग आत येणारा माणूस आपल्याला दिसतो. हे पुन्हा पुन्हा घडतं. शेवटच्या वेळी घंटा वाजते, टोनी वर बघतो आणि थेट काळा पडदा. दहाएक सेकंद आवाजसुद्धा नाही. आधीच्या एका भागात होडीत बसलेला बॉबी, म्हणजे टोनीच्या बहिणीचा नवरा, म्हणून गेलेला असतो, की मरणाची वेळ येते तेव्हा बहुधा ऐकूही येत नाही.

माझ्या मते टोनी मेलाच. तो वाचला म्हणणाऱ्यांशी मी तासभर वाद घालीन, पण त्या काळ्या पडद्यावरून. नसलेल्या पुतण्यावरून नाही.