न दिसणाऱ्या प्रोटॉनांची खबर पाण्याकडून

एमआरआयच्या चित्रात आपल्याला दिसतं ते मुख्यतः पाणी आणि चरबी. प्रथिनांमध्ये आणि मज्जातंतूंवरच्या मायलिनच्या आवरणातही हायड्रोजन असतो. पण तिथले प्रोटॉन घट्ट बांधलेले असल्यामुळे त्यांचा संदेश साधारण 10 मायक्रोसेकंदांत विझतो, यंत्र ऐकायला लागण्याआधीच. तरीही त्यांची खबर मिळते आणि ती पाणीच आणून देतं. एमआरआयमधल्या सगळ्या युक्त्यांत मला ही सर्वांत सुंदर वाटते.

चुंबकीय क्षेत्रात प्रोटॉनांचे दोन गट पडतात, आणि एका गटात किंचित जास्त प्रोटॉन असतात. आपला सगळा संदेश या किंचित फरकातून येतो. योग्य वारंवारतेच्या रेडिओलहरींचा मारा केला की दोन्ही गट सारखे होतात आणि संदेश शून्यावर येतो. याला संपृक्तता, म्हणजे सॅच्युरेशन, म्हणतात. आता हा मारा पाण्यावर न करता बांधलेल्या प्रोटॉनांवर करायचा. ते सतत आजूबाजूच्या पाण्याशी देवाणघेवाण करत असतात, त्यामुळे त्यांची संपृक्तता पाण्यात उतरते आणि पाण्याचा संदेश घटतो. समजा, माऱ्याशिवाय एका बिंदूवर 1000 एवढा संदेश मिळाला आणि माऱ्यानंतर 600. म्हणजे 40 टक्के घट. वुल्फ आणि बालाबान या संशोधकांनी 1989 मध्ये याच तत्त्वावर जिवंत ऊतींची चित्रं काढली. मायलिन झिजलं की ही घट कमी होते, म्हणून मल्टिपल स्क्लेरोसिस या मायलिन झिजवणाऱ्या आजाराच्या अभ्यासात ती फार उपयोगी ठरली.

पण हे 40 टक्के फक्त ऊतीचं मोजमाप नाही. त्यात यंत्राचाही वाटा आहे, आणि तो विसरून दोन यंत्रांवरचे आकडे शेजारी शेजारी मांडणं मला धोक्याचं वाटतं. क्षेत्र बदललं की काय होतं ते बघू.

चुंबकीय क्षेत्र टेस्लात मोजतात, आणि प्रोटॉनची वारंवारता दर टेस्लाला 42.58 मेगाहर्ट्झने वाढते. प्रथिनांमधल्या अमाइड या रासायनिक गटाचे प्रोटॉन वारंवारतेत पाण्यापासून 3.5 पीपीएम, म्हणजे दहा लाखांत साडेतीन भाग, दूर असतात. हे अंतर 1.5 टेस्लाला सुमारे 224 हर्ट्झ, 3 टेस्लाला 447 आणि 7 टेस्लाला 1043 हर्ट्झ भरतं. क्षेत्र वाढतं तसं अमाइड पाण्यापासून सुटं होत जातं. घट्ट बांधलेल्या प्रोटॉनांचं तसं नाही. त्यांचा पट्टा हजारो हर्ट्झ रुंद असतो आणि ही रुंदी क्षेत्रावर फारशी अवलंबून नसते. म्हणून वेगवेगळ्या क्षेत्रांवर तुलना करताना बांधलेल्या प्रोटॉनांसाठी माऱ्याचं पाण्यापासूनचं अंतर हर्ट्झमध्ये धरायचं आणि अमाइडसाठी पीपीएममध्ये. वरकरणी हा तपशील किरकोळ वाटतो, पण इथेच गोंधळ होतो.

अमाइडसारख्या सुट्या गटांवरच्या पद्धतीला सेस्ट म्हणतात. वॉर्ड, अलेत्रास आणि बालाबान यांनी ती 2000 मध्ये मांडली. अशा गटांचं प्रमाण पाण्याच्या तुलनेत अगदी नगण्य असतं, पण एकेक प्रोटॉन सेकंदात अनेकदा पाण्याशी अदलाबदल करतो आणि मारा चालू असेपर्यंत परिणाम साठत जातो. अट एकच: अदलाबदल फार वेगाने होता कामा नये, नाहीतर वारंवारतेच्या आलेखावरची त्या गटाची आणि पाण्याची शिखरं एकमेकांत मिसळतात. ग्लुटामेट या मेंदूतल्या संदेशवाहक रेणूचे प्रोटॉन सेकंदाला हजारो वेळा जागा बदलतात. त्यांच्यासाठी 3 टेस्ला तोकडं पडतं. 7 टेस्लाला शिखर पाण्यापासून पुरेसं दूर जातं.

मोठ्या क्षेत्राचा आणखी एक फायदा आहे. पाण्याचं चुंबकत्व पूर्ववत व्हायला जास्त वेळ लागतो, त्यामुळे साठलेली संपृक्तता लवकर पुसली जात नाही. पण किंमतही मोजावी लागते. तोच मारा 3 ऐवजी 7 टेस्लाला केला, तर शरीरात शोषली जाणारी ऊर्जा ढोबळमानाने साडेपाच पट होते, कारण ती क्षेत्राच्या वर्गाप्रमाणे वाढते. सुरक्षेची मर्यादा पाळायची तर मारा सौम्य करावा लागतो. शिवाय तिथे मेंदूतल्या रेडिओलहरींची लांबी साधारण 13 सेंटिमीटर, म्हणजे डोक्याच्याच मापाची होते, आणि मारा कुठे जोरात, कुठे हलका पडतो. चित्रातला फिकटपणा आजाराचा की माऱ्याचा, हे ठरवायला त्या माऱ्याचा वेगळा नकाशा काढावा लागतो.

सर्वांत नाजूक भाग प्रत्यक्ष मापनाचा. पाण्याच्या वारंवारतेच्या दोन्ही बाजूंना थोड्या थोड्या अंतरावर मारा करत प्रत्येक वेळी उरलेला संदेश नोंदवतात. आलेखात मध्ये खोल दरी दिसते आणि एका उतारावर अमाइडची बारीकशी खळी. डाव्या उतारातून उजवा वजा केला की ती खळी हाती येते. पण दरीचा मध्य 10-20 हर्ट्झने जरी सरकला, तरी त्या चढ्या उतारांवर वजाबाकीतून नसलेली खळी उभी राहते. म्हणून प्रत्येक बिंदूवर दरीचा खरा मध्य आधी शोधतात, आणि मगच वजाबाकी करतात.

मेंदूतल्या गाठींच्या अमाइड तपासणीसाठी 2022 मध्ये तज्ज्ञांनी 3 टेस्लावरची एकमताची शिफारस प्रसिद्ध केली. तीत माऱ्याची तीव्रता 2 मायक्रोटेस्ला आणि कालावधी शक्यतो 2 सेकंद सुचवला आहे.