चवदार तळ्याचा खटला

चवदार तळ्याचा खटला : (१९२७–१९३७). कोकणातील महाड (तेव्हा कुलाबा, आता रायगड जिल्हा) येथील चवदार तळ्यावर पाणी भरण्याचा हक्क कोणाचा, या वादातून उभा राहिलेला दिवाणी दावा. महाडचे दुय्यम न्यायालय, ठाण्याचे जिल्हा न्यायालय आणि मुंबई उच्च न्यायालय अशा तीन ठिकाणी तो लढला गेला. माणसाच्या हक्काचा प्रश्न तालुक्याच्या कोर्टात कसा येतो आणि कोर्ट त्याला कुठवर उत्तर देते, हे दाखवणारा इतका बोलका खटला क्वचितच सापडेल.

कौन्सिलचे सदस्य सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत केला. सरकारी खर्चाने बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असे त्यात म्हटले होते. महाड नगरपालिकेनेही जानेवारी १९२४ मध्ये तळे खुले केले, पण कागदावरच. स्पृश्यांच्या धाकाने कोणी तिकडे फिरकत नव्हते. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, तेव्हा गावात तळे भरलेले असूनही प्रतिनिधींसाठी ४० रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. २० मार्चला डॉ. भीमराव आंबेडकर तळ्यात उतरून पाणी प्याले आणि त्यांच्यामागून हजारो लोक प्याले. आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी आवई उठली आणि परिषदेच्या लोकांना मारहाण झाली. पुढे १०८ घागरी पाणी उपसून, पंचगव्य ओतून तळे ‘शुद्ध’ करण्यात आले. गुरांना जे पाणी चालत होते ते माणसाच्या ओंजळीने बाटले, हे लिहितानाही संताप येतो.

नगरपालिकेने ऑगस्ट १९२७ मध्ये आधीचा ठराव मागे घेतला. आंबेडकरांनी डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह जाहीर करताच स्पृश्यांच्या वतीने काही रहिवाशांनी १२ डिसेंबरला आंबेडकर व इतरांवर दावा लावला. तळे आमच्या वहिवाटीचे आहे आणि अस्पृश्यांना तेथे येण्याचा अधिकार नाही, असे त्यांचे म्हणणे. १४ डिसेंबरला कोर्टाने तात्पुरता मनाई हुकूम दिला. म्हणजे ज्या कोर्टाकडून हक्काचे रक्षण व्हायचे, त्याचाच पहिला हुकूम पाणी अडवणारा होता. २५ डिसेंबरला परिषद भरली आणि मनुस्मृतीचे दहन झाले. जमलेले लोक तुरुंगात जायला तयार होते, तरी आंबेडकरांनी हुकूम मोडू दिला नाही. तळ्याला मिरवणुकीने वळसा घालून लोक परतले. आपण दिवाणी दाव्यात प्रतिवादी आहोत आणि तो जिंकायचा आहे, याचे भान त्यांना होते. मला हा निर्णय पाणी पिण्याइतकाच धैर्याचा वाटतो. फेब्रुवारी १९२८ मध्ये मनाई हुकूम उठला.

दाव्याचा निकाल लागायला मात्र ८ जून १९३१ उजाडले. तो वादींच्या विरुद्ध गेला. जानेवारी १९३३ मध्ये ठाण्यालाही अपील फेटाळले गेले. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्या. ब्रूमफील्ड व न्या. वाडिया यांनी शेवटचे अपील फेटाळले.

निकालाचा आधार नीट पाहायला हवा. तळे नगरपालिकेचे आहे, हे अखेरीस वादींनीही मान्य केले. उरला प्रश्न रूढीचा : फक्त स्पृश्यांनीच पाणी भरावे अशी अनादी काळापासूनची वहिवाट होती का? देवळाच्या खटल्यांत जुन्या प्रथेवरून काही गृहीत धरता येते, पण चार-पाच एकरांच्या, नैसर्गिक झऱ्यांवर भरणाऱ्या उघड्या तळ्याला तो न्याय लागत नाही, असे न्यायमूर्तींनी म्हटले. अनादी रूढी सिद्ध झाली नाही आणि दावा तिथेच संपला. अशी रूढी अन्यायाची किंवा सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे का, याचा विचार करण्याची गरज उरली नाही, असेही निकालात आहे. थोडक्यात, अस्पृश्यता बेकायदा आहे असे कोर्ट म्हणाले नाही. ते एवढेच म्हणाले की वादींचा पुरावा कमी पडला. पुरावा भक्कम असता तर? हा प्रश्न त्या काळच्या कायद्यात उघडाच राहिला.

त्याचे उत्तर राज्यघटनेने दिले. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आणि अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडात विहिरी, तळी, स्नानघाट, रस्ते यांचा नावानिशी उल्लेख आला. त्या शब्दांमागे महाड उभे आहे. आता कितीही जुनी वहिवाट दाखवली तरी तिचा उपयोग नाही.

कोकणात गावकीने एखाद्या घराला वाळीत टाकण्याचे प्रकार मात्र पुढेही घडत राहिले. होळीच्या पालखीला त्या दारात थांबू न देणे, लग्नाला किंवा मयताला कोणी न जाणे, दुकानातून सामान न देणे. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा ३ जुलै २०१७ पासून लागू आहे. त्यात ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, होऊ शकतात. १९९३ च्या मानवी हक्क संरक्षण कायद्यानुसार जिल्ह्याच्या सत्र न्यायालयाला मानवी हक्क न्यायालय ठरवता येते, मात्र नेमके कोणते गुन्हे त्याने चालवायचे हे कायद्यात स्पष्ट नाही. रत्नागिरी व सिंधुदुर्गाची उच्च न्यायालयातील प्रकरणे १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या फिरत्या खंडपीठाकडे (सर्किट बेंच) जातात; महाडसह रायगडची मुंबईलाच.